चौकार लागला की चित्र का फुटतं? उत्तर क्लॉड शॅनन यांच्या गणितात

लाइव्ह मॅचमध्ये चेंडू सीमारेषेकडे धावतो, कॅमेरा झपकन फिरतो आणि नेमकं तेव्हाच चित्राचे चौकोनी तुकडे दिसू लागतात. दोष दरवेळी मोबाइलचा नसतो. व्हिडिओ एन्कोड करतानाच कमाल बिटरेट, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त किती बिट्स पाठवायचे, हे ठरवलेलं असतं. ही तडजोड टाळता का येत नाही, ते क्लॉड शॅनन यांनी गणिताने दाखवून दिलं.

शॅनन यांचा जन्म ३० एप्रिल १९१६ रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात झाला. लहानपणी त्यांनी गेलॉर्ड गावात कुंपणाच्या काटेरी तारेवरून मित्राच्या घरापर्यंत टेलिग्राफ जोडला होता. अंतर अर्धा मैल! पुढे एमआयटीतल्या मास्टर्सच्या प्रबंधात त्यांनी विजेचे स्विच आणि बुलियन बीजगणित यांची सांगड घातली. १९४१ मध्ये ते बेल लॅब्समध्ये रुजू झाले. तिथल्या कॉरिडॉरमधून ते एकचाकी सायकल चालवायचे.

१९४८ च्या शोधनिबंधात त्यांनी सिद्ध केलं, की प्रत्येक संदेशवाहिनीची एक क्षमता असते. त्यापेक्षा जास्त वेगाने माहिती बिनचूक पाठवता येत नाही. व्हिडिओसाठी मात्र मला १९५९ चा निबंध जास्त महत्त्वाचा वाटतो. किती बिघाड चालेल ते ठरवलं, की किमान किती बिट्स लागतील ते ठरतं. उलट बिट्सवर मर्यादा घातली, की थोडा बिघाड पत्करावाच लागतो.

एन्कोडर हेच करतो. वृत्तनिवेदकाच्या स्थिर चित्राला थोडे बिट्स पुरतात, पाऊस किंवा गर्दीला खूप लागतात. म्हणून कमाल बिटरेटसोबत बफरचा आकारही द्यावा लागतो. बफर म्हणजे पाण्याची टाकी समजा. कमाल बिटरेट ४ मेगाबिट आणि बफर ८ मेगाबिट असेल, तर टाकीत २ सेकंदांचा साठा मावतो. अवघड दृश्यात क्षणभर जादा उपसा चालतो. टाकी रिकामी होत आली, की एन्कोडर बारीक तपशील टाकून देतो, नाहीतर व्हिडिओ अडकेल. एक्स२६४ मध्ये बफर न देता फक्त कमाल बिटरेट दिला, तर ती मर्यादा चक्क दुर्लक्षित होते. नवशिके इथेच फसतात.

इंटरनेट घराघरांत पोहोचत होतं, तेव्हा शॅनन यांना अल्झायमरने गाठलं होतं. २४ फेब्रुवारी २००१ रोजी त्यांचं निधन झालं. यूट्यूब सुरू व्हायला तेव्हा ४ वर्षं बाकी होती.