आभाळ निळे का, असे विचारणारे अल-किंदी

इफ्तारीची ताटे मांडून झाली की मगरिबच्या अजानपर्यंतची पाच-दहा मिनिटे आमच्या घरची मुले गच्चीवर काढतात. दुपारभर पांढुरके असलेले चंद्रपूरचे आभाळ तेव्हा केशरी होते, मग लाल. या लालीला उर्दूत ‘शफक’ म्हणतात. हे रंग येतात कुठून, असे धाकटीने परवा विचारले. साडेअकराशे वर्षांपूर्वी बगदादमध्ये एका विद्वानाला असाच प्रश्न पडला होता. त्यांचे नाव याकूब बिन इसहाक अल-किंदी.

इ. स. ८०१च्या सुमारास कूफा शहरी त्यांचा जन्म झाला. वडील तिथले सुभेदार होते. बगदादला शिकून अल-किंदी खलिफा मामून आणि मोतसिम यांच्या दरबारात मानाला चढले. मोतसिमच्या मुलाचे ते उस्ताद होते. ग्रीक ग्रंथ अरबीत आणण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. आपल्या भारतीय अंकांवरही त्यांनी ग्रंथ लिहिला. सत्य परक्या लोकांकडून आले तरी ते घेण्यात कमीपणा नाही, अशी त्यांची धारणा होती.

आभाळाच्या निळाईवर त्यांनी एक छोटा रिसाला लिहिला. निळा हा आभाळाचा स्वतःचा रंग नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. हवेतले माती-वाफेचे बारीक कण उजळतात, त्यापलीकडे अंधार असतो आणि दोहोंच्या मिसळीतून निळाई दिसते, असे त्यांनी मांडले.

हे उत्तर पुरते बरोबर नव्हते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी दाखवले, की हवेचे रेणूच निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त विखुरतात. सूर्य मावळतीला टेकला की उजेडाला हवेतून फार लांब यावे लागते. निळा वाटेतच विखरून जातो, तांबडा आपल्यापर्यंत पोहोचतो. धूळ आणि धुराचे मोठे कण मात्र सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून आपली दुपार पांढुरकी. पावसाने हवा धुऊन निघाली की गडचिरोलीच्या जंगलावरचे आभाळ गर्द निळे दिसते. तरीही रंग आभाळाचा नसून उजेडाचा आणि हवेचा आहे, ही अल-किंदींची दिशा बरोबर होती.

पुढे खलिफा मुतवक्किलच्या काळात दिवस फिरले. बनू मूसा या विद्वान भावांनी खलिफाचे कान भरले. अल-किंदींना मारहाण झाली, त्यांचे सारे ग्रंथालय जप्त झाले. त्यानंतरची हकिकत जुने चरित्रकार सांगतात. या भावांकडच्या कालव्याच्या खोदाईत मोठी चूक निघाली. खलिफाचा कोप टाळण्यासाठी ते सनद बिन अली या जाणकाराकडे गेले. सनद यांचे अल-किंदींशी वैर होते. तरी त्यांची पहिली अट एकच होती, अल-किंदींची पुस्तके परत करा. सगळी पुस्तके मिळाल्याची अल-किंदींच्या हातची पावती येईपर्यंत ते हलले नाहीत.

८७०च्या सुमारास बगदादमध्ये अल-किंदी निवर्तले.

रोजा भूक आणि तहान सोसायला शिकवतो. ज्याच्याशी पटत नाही, त्याचा हक्क त्याला मिळवून देणे याहून अवघड आहे. धाकटीला लाल रंगाचे कारण सांगितले, त्यासोबत सनद यांची गोष्टही सांगितली. तेवढ्यात अजान झाली आणि आम्ही खाली उतरलो.