कुंभकोणमचे राजा सर टी. माधवराव

कावेरी नदी समुद्राला मिळण्यापूर्वी अनेक फाट्यांनी पसरते आणि त्या फाट्यांच्या मधल्या सुपीक भूमीत तंजावर, कुंभकोणम, तिरुवारूर यांसारखी गावे भातशेतीच्या आधाराने शतकानुशतके नांदत आली आहेत. सतराव्या शतकात शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला राज्य स्थापन केले आणि त्यांच्यामागून अनेक मराठी कुटुंबे या त्रिभुज प्रदेशात स्थायिक झाली. बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा विस्तृत मराठी शिलालेख आजही पाहावयास मिळतो. घरात मराठी, बाजारात तमिळ आणि कचेरीत प्रथम मोडी व पुढे इंग्रजी, असे या कुटुंबांचे जीवन होते. अशाच एका देशस्थ घरात १८२८ साली कुंभकोणम येथे माधवरावांचा जन्म झाला. त्यांच्या नावाआधीचे ‘टी’ हे अक्षर तंजावरचे आहे.

आपल्या शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथात त्यांचे चरित्र सांगण्यास एक कारण आहे. आपले माजी विद्यार्थी आज नाना व्यवसायांत आहेत. कोणी शिक्षक म्हणून आरंभ करून बँकेत स्थिरावले, कोणी कारकुनी सोडून जमीन-घरांच्या व्यवहारांत नाव मिळविले. एका मार्गाने निघून दुसऱ्याच मुक्कामी पोहोचलो, याची खंत त्यांतील काहींच्या बोलण्यात डोकावते. माधवरावांचा जीवनक्रम पाहिल्यास असे वाटण्याचे कारण उरत नाही.

माधवरावांचे वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव हे दोघेही त्रावणकोर संस्थानाचे दिवाण होऊन गेले होते. माधवरावांनी मात्र आरंभ शाळेच्या बाकावरून केला. १८४१ साली मद्रासमध्ये नव्याने निघालेल्या हायस्कुलात त्यांनी प्रवेश घेतला. तेथील मुख्याध्यापक पॉवेल हे केंब्रिजचे गणिती होते. गणित आणि खगोल हे माधवरावांचे आवडीचे विषय. बाजारातून भिंगे आणून, ती बांबूच्या नळीत बसवून त्यांनी स्वतः दुर्बीण व सूक्ष्मदर्शक तयार केले होते. १८४६ मध्ये ते प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले आणि पॉवेल यांच्या जागी काही काळ त्यांनी गणित व पदार्थविज्ञान शिकविले. त्यानंतर मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत ते नोकरीस लागले. सरकारी जमाखर्चाच्या वह्यांतून राज्य कसे चालते, हे त्यांना तेथे उमगले.

१८४९ साली त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांना बोलावणे आले. शिष्यांपैकी थोरला आयिल्यम तिरुनाळ गुरूहून अवघा चार वर्षांनी लहान होता. काही वर्षे शिकविल्यानंतर ते महसूल खात्यात गेले आणि दक्षिण भागाचे दिवाण पेशकार झाले. दिवाण कृष्णराव निवर्तल्यावर, वयाची तिशी गाठत असतानाच, संस्थानाची दिवाणगिरी त्यांच्याकडे आली. ते वर्ष १८५७ चे. दोन-तीन वर्षांतच त्यांचा तो थोरला शिष्य गादीवर बसला.

त्या वेळी त्रावणकोरवर कर्ज होते, नोकरांचे पगार थकले होते आणि मिरी, तंबाखू यांच्या व्यापाराचे मक्ते सरकारच्या हाती होते. माधवरावांनी मिरीचा मक्ता मोडून त्याऐवजी निर्यातीवर जकात बसविली व पुढे ती उतरविली. तंबाखूचा मक्ताही गेला. १८६३ पर्यंत संस्थान कर्जमुक्त झाले. तथापि त्यांचे सर्वांत टिकाऊ कार्य जमिनीच्या हक्कासंबंधीचे आहे.

कावेरीकाठच्या गावांत मिरासदारी रूढ होती. ‘मिरास’ हा शब्द आपल्या दख्खनलाही परका नाही. मिरासदाराची जमीन वंशपरंपरागत असे व ती त्याला विकता येई. त्रावणकोरात शेतजमिनीचा फार मोठा भाग सरकारच्या मालकीचा होता. पिढ्यानपिढ्या ती जमीन कसणारा शेतकरी कायद्याच्या दृष्टीने केवळ कूळ ठरे. त्याच्या हातून झालेली विक्री वा गहाण यांना सरकारी मान्यता नव्हती. जी जमीन आपली नाही, तीत विहीर कोण खणणार आणि नारळीची रोपे कोण लावणार? १८६५ साली निघालेल्या पंडारपाट्टम जाहीरनाम्याने ही स्थिती पालटली. ठरलेला सारा भरीत राहील तोवर जमीन शेतकऱ्याची. ती विकण्याचा, गहाण टाकण्याचा व वारसांना देण्याचा अधिकार त्याला मिळाला. सार्वजनिक कामासाठी सरकारला ती हवी असल्यास मोबदला देणे आले. १८६७ च्या दुसऱ्या जाहीरनाम्याने खाजगी जमीनदारांच्या, म्हणजे जन्मींच्या कुळांनाही मनमानी बेदखलीपासून संरक्षण दिले.

सातबाऱ्यावर आपले नाव लागावे म्हणून तलाठ्याच्या कार्यालयात खेटे घातलेल्या पालकांना या घटनेचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. हक्क निर्विवाद झाला की जमिनीला किंमत येते, तिच्यावर कर्ज मिळते आणि माणूस पुढच्या पिढीचा विचार करू लागतो. जमिनीचे सारे प्रामाणिक व्यवहार या एका पायावर उभे असतात.

या उजेडाच्या कडेला सावलीही आहे आणि ती झाकणे योग्य होणार नाही. जमीन ज्यांच्या कुळवहिवाटीत होती त्यांनाच या सुधारणेचा लाभ मिळाला. चिखलात राबणाऱ्या पुलय मजुरांच्या हाती काही आले नाही आणि त्यांच्या मुलांना सरकारी शाळांची दारेही बंद होती. १८५९ साली नाडर स्त्रियांच्या वस्त्राधिकारावरून दंगली उसळल्या. मद्रासच्या गव्हर्नरांचा दबाव आल्यावर जाहीरनामा निघाला. अंग झाकण्याची मुभा त्याने दिली, पण उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र घेण्यास मनाई कायम ठेवली. हिशेबात इतका निर्भय असलेला हा दिवाण जातीच्या प्रश्नात एक एक पाऊल मोजून टाकीत होता.

पुढे राजा आणि दिवाण, म्हणजेच शिष्य आणि गुरू यांच्यात बेबनाव झाला. १८७२ साली, पंधरा वर्षांच्या सेवेनंतर, माधवरावांनी त्रावणकोर सोडले. चव्वेचाळिसाव्या वर्षी भरभराटीस आणलेल्या राज्यातून बाहेर पडून नव्या ठिकाणी आरंभापासून सुरुवात करणे सोपे नव्हते. तुकोजीराव होळकरांच्या आमंत्रणावरून ते इंदूरचे दिवाण झाले. तेथे दोन वर्षे होतात न होतात तोच त्यांना बडोद्याहून बोलावणे आले.

१८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत करण्यात आले होते. जमनाबाईसाहेबांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला आणि तो सयाजीराव झाला. राजा अज्ञान असल्याने राज्यकारभाराची धुरा माधवरावांवर आली. महसुलाचे मक्ते बोली लावून देण्याच्या इजारा पद्धतीने तेथील शेतकरी भरडला जात होता. माधवरावांनी ती पद्धत मोडीत काढण्याचे काम हाती घेतले, न्यायालयांची घडी बसविली आणि शाळा व दवाखाने वाढविले. १८७७ साली त्यांना ‘राजा’ हा किताब मिळाला. ‘सर’ ही पदवी त्यापूर्वीच, १८६६ मध्ये मिळाली होती.

बडोद्यात त्यांच्यातील शिक्षक पुन्हा जागा झाला. तरुण सयाजीरावांसमोर त्यांनी राजाचे आरोग्य, न्यायदान, महसूल, नेमणुका अशा विषयांवर व्याख्याने दिली. ती १८८१ मध्ये ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस सयाजीरावांनी कारभार हाती घेतला. पुढे १९०६ साली त्यांनी आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शिक्षकाचे काम असे दुसऱ्याच्या हातून पूर्ण होते.

१८८२ मध्ये बडोदे सोडून माधवराव मद्रासला परतले. निवृत्तीनंतरही जमिनीने त्यांना सोडले नाही. मलबारातील जमीनधारा पद्धतीच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले. कुळाने जमिनीत केलेल्या सुधारणांची भरपाई त्याला मिळावी, असा कायदा तेथे १८८७ साली झाला. त्याच वर्षी मद्रासला भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष होते. राजा रविवर्मा यांची चित्रे छापून घरोघरी पोहोचवावीत, ही सूचनाही त्यांनी १८८४ मध्येच केली होती. आपल्या आजीच्या देवघरातील लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींमागे कुंभकोणमच्या या मराठी माणसाचा विचार होता, हे किती जणांना ठाऊक असेल!

४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे निधन झाले. तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे. तेथील चौकाला लोक नुसते ‘स्टॅच्यू’ म्हणतात. पुतळा कोणाचा, हे त्या नावातून कळत नाही.

गणिताचा शिक्षक, हिशेबनीस, राजपुत्रांचा गुरू, महसुली अधिकारी आणि तीन संस्थानांचा दिवाण अशी माधवरावांची वाटचाल झाली. गणिताने त्यांना नेमकेपणा दिला, तो जमाखर्चात उपयोगी पडला. जमाखर्चाने शेतकऱ्याची अडचण दाखविली, ती जाहीरनाम्यात उतरली. तीस वर्षांपूर्वीच्या शिकवणीचा अनुभव बडोद्याच्या वाड्यात कामी आला. शाळेतून बाहेर पडलेल्या आपल्या मुलामुलींनी व्यवसाय बदलला, गाव बदलले, तरी शिकलेले काहीच वाया जात नाही, हा विश्वास पालकांनी त्यांना द्यावा. जे जमिनीच्या व्यवहारात आहेत त्यांनी एवढे जरूर स्मरावे, की कोणाच्या तरी आयुष्याची कमाई आपण हाताळीत असतो आणि तिचा कागद स्वच्छ ठेवणे हीच आपल्या शाळेने दिलेल्या शिक्षणाची परीक्षा आहे.