रक्ताची साक्ष काढणारे डॉ. विडाल

चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, हे आपले दोन्ही जिल्हे जंगलाचे. पावसाळ्यात येथे घरोघर तापाचे रुग्ण दिसतात. ताप हटेना की रक्त तपासायला सांगतात आणि चिठ्ठीवर ‘विडाल’ हा शब्द येतो. हे एका माणसाचे नाव आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

फर्नांद विडाल यांचा जन्म ९ मार्च १८६२ रोजी, फ्रेंच अमलाखालील अल्जीरियात, देलिस येथे झाला. वडील सैन्यात डॉक्टर होते. फर्नांद यांनी पॅरिसला वैद्यकाचे शिक्षण घेतले. १८८८ साली, पदवी हाती येण्यापूर्वीच, शांतमेस यांच्यासह त्यांनी विषमज्वराचे मारलेले जंतू टोचून प्राण्यांचे रक्षण करता येते, हे दाखविले.

विषमज्वर म्हणजे आपला मुदतीचा ताप, टायफॉइड. त्या काळी तो मुख्यतः लक्षणांवरून ओळखावा लागे. साहजिकच इतर तापांशी घोटाळा होई. १८९६ च्या आरंभी ग्रूबर व डरहॅम या संशोधकांनी सांगितले होते की, रोगाला तोंड दिलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात त्याच रोगाचे जंतू मिसळले तर ते चिकटून त्यांचे पुंजके होतात. अनोळखी जंतू ओळखण्यास ही युक्ती उपयोगी होती. विडाल यांनी प्रश्नच उलटा केला. जंतू ओळखीचे घ्यावेत आणि परीक्षा रुग्णाच्या रक्ताची करावी! जून १८९६ मध्ये त्यांनी पॅरिसच्या डॉक्टरांपुढे ही पद्धत मांडली. रक्ताच्या काही थेंबांवरून निदानाला आधार मिळू लागला.

विडाल तेवढ्यावर थांबले नाहीत. मूत्रपिंडाच्या विकारातील सुजेचा मिठाशी संबंध दाखवून त्यांनी अळणी आहाराचा उपचार रूढ केला. पुढे ते पॅरिसला प्राध्यापक झाले. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैनिकांसाठी विषमज्वराची लस सिद्ध करण्यातही त्यांचा वाटा होता. १४ जानेवारी १९२९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांची चाचणी मात्र आजही आपल्या गावोगावच्या प्रयोगशाळांत चालते. तिच्या मर्यादा जाणणे आपल्याला विशेष अगत्याचे आहे. रक्तातील प्रतिपिंडे दिसू लागण्यास सुमारे आठवडा लागतो; म्हणून पहिल्या दिवसांत खरा विषमज्वरही निसटतो. उलट पूर्वी होऊन गेलेला आजार, घेतलेली लस, एवढेच नव्हे तर हिवतापदेखील चाचणीला फसवू शकतो. आणि हिवताप तर आपल्या जंगलपट्टीचा जुना वैरी! एका ‘पॉझिटिव्ह’ कागदावर विसंबून मुदतीच्या तापाची औषधे चालू राहिली आणि मेंदूचा हिवताप नजरेआड झाला, तर थोड्याच दिवसांत जीव जाऊ शकतो. म्हणून ताप येताच हिवतापासाठीही रक्त तपासावे, आणि विषमज्वराची खात्री करण्यास रक्तातले जंतू वाढवून पाहणे अधिक भरवशाचे.

विडाल यांनी रक्ताला साक्षीदार केले, न्यायाधीश नव्हे. एका साक्षीवर निकाल देऊ नये, एवढे भान आपण ठेवले तरी त्यांच्या कार्याचे चीज होईल.