रमण राघव : दोषी ठरला, फासावर गेला नाही

साठच्या दशकात मुंबईच्या उपनगरांत अंधार पडला की भीतीचे सावट पसरत असे. पदपथांवर, झोपड्यांत झोपलेल्यांच्या डोक्यात जड वस्तूचा घाव घालून त्यांचे प्राण घेतले जात होते. १९६५-६६ मधील हल्ल्यांनंतर रमण राघव पोलिसांच्या हाती लागला होता. परंतु पुराव्याअभावी सुटला. १९६८ मध्ये हल्ले पुन्हा सुरू झाले आणि ऑगस्टमध्ये उपनिरीक्षक अॅलेक्स फियालो यांनी त्याला ओळखून पकडले. तपासाची सूत्रे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. मारले गेलेले बहुतेक जण अत्यंत गरीब होते. पुढील चर्चेत ते मागेच पडले.

त्याने अनेक खुनांची कबुली दिली, तरी १९६९ मध्ये खटला चालला तो मालाडमधील दोघांच्या हत्येचा. पोलीस शल्यचिकित्सकांनी त्याला निरीक्षणाखाली ठेवून तो वेडा नसल्याचा निर्वाळा दिला. बचाव पक्षाच्या मनोविकारतज्ज्ञांनी मात्र जुनाट स्किझोफ्रेनियाचे निदान केले. भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ ची कसोटी कठोर होती. आजार असणे पुरेसे नव्हते. कृत्य करतेवेळी त्याचे स्वरूप किंवा ते चूक, बेकायदा असल्याचे आजारामुळे कळत नव्हते, हे सिद्ध व्हावे लागे. सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली.

त्याने अपील करण्यास नकार दिला. तथापि उच्च न्यायालयाच्या शिक्कामोर्तबाविना फाशी अमलात येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून तीन मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या. सरकारनेच आपल्याला चोऱ्या करण्यासाठी मुंबईत आणले, लोक आपले लिंग बदलू पाहतात, अशा भ्रमांत तो पूर्णपणे बुडाला होता. आजार असाध्य ठरला आणि फाशीऐवजी जन्मठेप झाली. दोष कायम राहिला, केवळ फास दूर झाला. हा निर्णय अनेकांना रुचला नसेल; पण तो दयेचा नव्हता आणि सुटकेचाही नव्हता. येरवडा कारागृहात असतानाच १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने त्याचा मृत्यू झाला.

कलम ८४ ची तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आली. तत्पूर्वी, २०१९ मध्ये, महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेनंतर जडलेला गंभीर मनोविकारही फाशी रोखू शकतो, असे मान्य केले. त्या कैद्यालाही उर्वरित आयुष्य तुरुंगातच काढण्याचा आदेश झाला.