एका फुटावरची थंडी

थंडीच्या दिवसांत सकाळी लवकर पंचगंगेच्या पुलावर या आणि शिवाराकडं बघा. रात्री कुणीतरी पाचट पेटवलेलं असतं. त्याचा धूर वर जायचं नाव घेत नाही, उसावर वाकळ टाकल्यागत पसरून राहतो. तेच पाचट दुपारी पेटलं तर धूर कुठल्या कुठं! पाचट तेच, रानही तेच, बदललेली असते ती हवा.

वणव्याचा धूर किती उंच चढेल याचं गणित संगणकावर मांडणारेही आधी दोनच गोष्टी बघतात. आगीतून उष्णता किती निघते आणि वरची हवा थराथरानं कशी रचलीय. गरम धूर चढताना भोवतालची गार हवा ओढून घेतो, स्वतः निवत जातो आणि आजूबाजूच्या हवेइतका जड झाला की थांबतो. २०१९-२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांचा धूर ढग ओलांडून स्थितांबरात पोचला. आपला मात्र आजीच्या खोकल्यात मुक्कामाला.

हवेच्या या थरांचा अगदी तळ तपासणारा एक माणूस पुण्यात होऊन गेला. डॉ. एल. ए. रामदास. नावावरून सज्जनगडाकडं जाऊ नका, हे आजच्या केरळातल्या पालघाटचे. जन्म ३ जून १९००. तरुणपणी कोलकात्यात सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली प्रकाशावर संशोधन केलं. पुढं हवामान खात्यात आले आणि १९३२ मध्ये पुण्यात शेती हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला, तो त्यांनी उभा केला. बाकीचे ढगांकडं बघत होते तेव्हा हे उभ्या पिकातली आणि मातीलगतची हवा मोजत बसले. पिकाला काय, तीच हवा लागते!

त्यातच घोळ झाला. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन उष्णता गमावते, म्हणून सगळ्यात गार हवा जमिनीला चिकटून असणार आणि वर जाल तशी ऊब, असं पुस्तक सांगायचं. धूर कोंडतो तोही याच उलट्या रचनेमुळं. पण रामदासांच्या नोंदींत उघड्या मातीवर सगळ्यात गार हवा मिळाली ती फूटभर वर. म्हणजे खाली गरम, वर गार. अशी हवा तर क्षणात उलथायला हवी! १९३२ मध्ये त्यांनी आत्मनाथन यांच्यासोबत हे छापलं. पण जाणकारांना पटेना. उपकरणंच चुकली असणार, असा संशय.

माझ्या मते खरी कसोटी इथंच होती. पुस्तक बरोबर आणि आपण चूक, असं म्हणून वही मिटता आली असती. रामदासांनी मिटली नाही. १९५७ मध्ये राश्के या जर्मन शास्त्रज्ञानं पुण्यातच काटेकोर मोजमाप करून तोच थर दाखवला. पुढच्याच वर्षी रामदासांना पद्मश्री मिळाली. आज जग त्या थराला ‘रामदास थर’ म्हणतं.

असं का होतं, याचं समाधानकारक उत्तर मात्र त्यांच्या हयातीत मिळालं नाही. १ जानेवारी १९७९ ला ते गेले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी बंगळूरच्या संशोधकांनी प्रयोग करून बोट ठेवलं ते जमिनीलगत तरंगणाऱ्या बारीक कणांवर. हे कण रात्री उष्णता बाहेर टाकतात आणि तेवढाच पट्टा जास्त गार होतो. पुलावरून दिसणारा तो धूरसुद्धा बारीक कणांचाच असतो.