किंग कँप जिलेट यांचे चरित्र

संत सेना महाराज आणि प्रतापगडच्या रणप्रसंगी शिवछत्रपतींचे प्राण रक्षिणारे वीर जिवाजी महाले यांचे स्मरण आमच्या ज्ञातीत घरोघर होते. यंदा त्यांच्या जोडीस एका परकीय गृहस्थाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. या गृहस्थांचा मिशाळ चेहरा पात्यांच्या वेष्टनावर छापलेला असे. त्यामुळे त्यांची मुद्रा जगभर परिचित झाली. जीवनवृत्त मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे.

किंग कँप जिलेट यांचा जन्म ५ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात झाला. १८७१ साली शिकागो शहराला लागलेल्या प्रचंड आगीत वडिलांचा लोखंडी सामानाचा व्यापार भस्मसात झाला आणि तरुण जिलेट फिरते विक्रेते बनले. बाटल्यांची बुचे बनविणाऱ्या विल्यम पेंटर यांच्या कारखान्यात काम करीत असता, एकदा वापरून टाकून द्यावी व पुन्हा विकत घ्यावी अशी वस्तू शोधावी, हा सल्ला त्यांना मिळाला. १८९५ साली सकाळी दाढी करताना, दोन्ही कडांना धार असलेले पातळ पाते त्यांच्या मनात उभे राहिले.

कल्पना सोपी, पण सिद्धी कठीण! इतक्या पातळ पोलादी पत्र्याला टिकाऊ धार येणार नाही, असे जाणकारांचे मत होते. अखेर विल्यम निकरसन या यंत्रज्ञांनी ती अडचण दूर केली. १९०१ मध्ये कंपनी निघाली. १९०३ साली अवघी ५१ यंत्रे व १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी यंत्रांचा खप नव्वद हजारांवर गेला. १९०४ मध्ये पेटंटही मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी पस्तीस लाख यंत्रे घेतली, आणि स्वहस्ते दाढी करण्याची सवय घेऊनच ते सैनिक घरी परतले.

त्या सवयीची झळ आमच्या धंद्यालाही लागली. सातारा-सांगलीच्या गावगाड्यात आमचे वडीलधारे धोकटी घेऊन घरोघर जात, आणि वर्षभराच्या सेवेबद्दल सुगीला खळ्यावर बलुत्याचे धान्य मिळे. पाते आले तशी पुष्कळांची रोजची दाढी घरातच होऊ लागली.

जुनी पाती हाताळलेल्यांना त्यांतील भेद ठाऊक आहेत. आरंभीची तीन छिद्रांची पाती साध्या पोलादाची असत. धार उत्तम, परंतु पुसून कोरडी न ठेवल्यास लगेच गंज चढे. पुढे छिद्रांच्या जागी मधोमध लांब खाच आली. १९६० च्या दशकाच्या आरंभी विल्किन्सन स्वोर्ड कंपनीने लेप दिलेले, न गंजणारे पाते बाजारात आणले. ते एवढे टिकू लागले की जिलेट कंपनीलाही तीच वाट धरावी लागली.

हे पाहण्यास जिलेट हयात नव्हते. स्पर्धा नसलेला, समतेचा समाज उभारण्याची स्वप्ने त्यांनी १८९४ पासून ग्रंथरूपाने मांडली होती. पण कंपनीचा कारभार त्यांच्या हाती राहिला नाही, आणि महामंदीत संपत्तीही बव्हंशी गेली. ९ जुलै १९३२ रोजी कॅलिफोर्नियात त्यांचे देहावसान झाले.

या चरित्रातून आम्ही काय घ्यावे? ज्या पात्याने आमचे गिऱ्हाईक घरी बसविले, तेच अर्धे मोडून आज आमच्या वस्तऱ्यात बसते. सहाण आणि चामड्याचा पट्टा यांची जागा त्याने घेतली. कावीळ, एड्स यांसारखे रक्तातून पसरणारे रोग पाहता, प्रत्येक गिऱ्हाइकास नवे पाते हा आमचा धर्मच झाला आहे. धार आता दुकानात विकत मिळते. हाताचे कसब मात्र मिळत नाही. ते शिकविण्याची आणि त्याची प्रतिष्ठा राखण्याची जबाबदारी आमच्या प्रत्येक कुटुंबाने उचलावी, एवढीच आमची नम्र विनंती.