अदृश्य किरणांचा उपासक : सर जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स

हिवतापात आपल्या वाडवडिलांनी तोंड वाकडे करून घेतलेले कडू कोयनेल सर्वांच्या ऐकण्यात आहे. परंतु त्याच कोयनेलाचे आम्लयुक्त, पाण्यासारखे स्वच्छ द्रावण उन्हात धरले असता त्याच्या पृष्ठभागाशी एक निळसर आभा दिसते, हे फार थोड्यांस ठाऊक असते. ह्या आभेचे मर्म ज्यांनी उकलले, त्या सर जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स ह्यांच्या चरित्राची ओळख विद्यार्थ्यांस व्हावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

स्टोक्स ह्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८१९ रोजी आयर्लंडमधील स्लायगो परगण्यात, स्क्रीन ह्या गावी, एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. केंब्रिजच्या पेम्ब्रोक महाविद्यालयात शिकत असता १८४१ साली ते गणिताच्या परीक्षेत विद्यापीठात पहिले आले. एके काळी न्यूटनने भूषविलेले ल्यूकेशियन प्राध्यापकपद १८४९ साली, अवघ्या तिसाव्या वर्षी, त्यांच्याकडे चालून आले व ते त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले.

कोयनेलाची निळी आभा हर्शेलनेही १८४५ साली वर्णिली होती. कारण मात्र उमगले नव्हते. स्टोक्स ह्यांनी अंधाऱ्या खोलीत सूर्यकिरण घेऊन लोलकाने त्याचा वर्णपट पाडला आणि कोयनेलाची नळी त्यातून हळूहळू सरकवीत नेली. बहुतेक रंगांत द्रावण साध्या पाण्यासारखेच राहिले. परंतु जांभळ्या रंगापलीकडे, जेथे डोळ्यांस केवळ अंधार दिसतो, तेथे नळी जाताच ती निळ्या तेजाने उजळली! डोळ्यांस न दिसणारे जंबुपार किरण शोषून द्रावण दिसणारा प्रकाश बाहेर टाकीत होते. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी आत शिरणाऱ्या प्रकाशाहून अधिक असते, हा नियम त्यांनी १८५२ साली मांडला आणि फ्लुओरस्पार नामक खनिजावरून ह्या चमत्कारास 'फ्लुओरेसन्स', म्हणजे अनुस्फुरण, हे नाव दिले. ते खनिज कॅल्शियमचेच एक संयुग आहे.

प्रकाशाच्या साह्याने त्यांनी रक्ताचाही शोध घेतला. रक्तातील रंगद्रव्य प्राणवायू धरते व सोडते, तेव्हा त्याच्या वर्णपटातील काळे पट्टे बदलतात, हे त्यांनी १८६४ साली दाखविले. प्रथिनास न दुखविता त्याची स्थिती प्रकाशाकरवी जाणण्याचा तो एक आरंभच होता.

असा बुद्धिमान पुरुष १८५४ पासून १८८५ पर्यंत, तब्बल ३१ वर्षे, रॉयल सोसायटीचा चिटणीस म्हणून इतरांचे निबंध तपाशीत, चुका दाखवीत व पत्रे लिहीत राहिला. त्यामुळे त्यांचे स्वतःचे संशोधन मागे पडले. सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांचा उलगडा त्यांनी आपले स्नेही विल्यम टॉमसन ह्यांस खाजगीत सांगितला होता. तो प्रसिद्ध मात्र केला नाही. पुढे १८५९ साली किर्चहोफने तो सिद्ध केला, तेव्हा स्टोक्स ह्यांनी श्रेयावर हक्क सांगण्याचे नाकारले. १८८५ साली ते त्या संस्थेचे अध्यक्ष झाले आणि १ फेब्रुवारी १९०३ रोजी केंब्रिज येथे निवर्तले.

त्यांनी दाखविलेला मार्ग आज पेशींपर्यंत पोहोचला आहे. आपल्या पेशींत कॅल्मोड्युलिन नावाचे प्रथिन असते. कॅल्शियमचे चार कण त्यास चिकटले की त्याचा आकार पालटतो आणि पाण्याशी फटकून असणारे त्याचे आतले भाग उघडे पडतात. काही अनुस्फुरक रंगद्रव्ये पाण्यात मंद असतात; परंतु अशा भागांत जाऊन बसताच ती तेजाळतात. हे तेज मोजून अभ्यासक प्रथिनाचे रूपांतर जाणतात. शोषलेल्या व बाहेर पडलेल्या प्रकाशांतील अंतरास स्टोक्स ह्यांचेच नाव आहे.

विद्यार्थी मित्रहो, डोळ्यांस अंधार दिसला तेथेही स्टोक्स ह्यांनी नळी पुढे नेली. आणि स्वतःच्या नावाची चिंता न करता इतरांचे कार्य उजळण्यात आयुष्य वेचले. ह्यांतील पहिला गुण अभ्यासाने येईल. दुसरा मात्र मनाच्या मोठेपणावाचून येत नाही.